वालुकाश्मातील पदमुद्रा आणि त्यांचे नामकरण

पालघरजवळचा काळदुर्ग, बोईसर-तारापूर परिसरातील कातळ आणि तेथील दगडखाणींतून निघणारी खडी ही सर्व मूलतः एकाच द्रव्याची आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याचा तो बेसाल्ट होय. तप्त लाव्ह्यावरून प्राणी चालत नाहीत आणि थिजलेल्या लाव्ह्यावर पाऊल उमटत नाही. ह्याच भूभागाच्या पश्चिम कडेला, केळवे व चिंचणी येथील सुरूच्या बनांपुढे, मोकळी वाळू आहे. तीवर खेकड्यांचे, पक्ष्यांचे, कुत्र्यांचे माग रोज उमटतात. परंतु भरती आणि वारा त्यांना फार काळ टिकू देत नाहीत. अशा वाळूचाच पुढे खडक व्हावा आणि त्यात मागही राहावा, ही घटना दुर्मिळ असली तरी अशक्य नाही. प्राचीन वाळवंटांतील वालुकागिरींच्या वालुकाश्मात अशा पदमुद्रा सापडतात. त्यांचा शोध भूशास्त्रज्ञांनी लावला. पण त्यांना नावे देताना जे प्रश्न उपस्थित झाले, ते भाषेच्या अभ्यासकाला अपरिचित नाहीत.

प्रथम ठसा टिकतो कसा ते पाहावयास हवे. वालुकागिरीची वाऱ्याकडील बाजू सौम्य उताराची असते. आडोशाची बाजू तीव्र, सुमारे ३० ते ३४ अंशांची असते. शिखरावरून ढळलेली वाळू ह्या आडोशाच्या बाजूवर थराथराने साचते. वाळू अगदी कोरडी असेल तर पाऊल उचलताच खळगा बुजतो. दव किंवा पाऊस ह्यांमुळे ती किंचित ओलसर असेल, तर कण एकमेकांना धरून राहतात. त्यावर वाऱ्याने नवा थर घातला, हे साचणे दीर्घकाळ चालू राहिले आणि पुढे खनिजांनी कण सांधले गेले, की ठसा दोन थरांच्या मध्ये बंद होतो. कोट्यवधी वर्षांनी पाथरवट त्याच थरांच्या सांध्यावर फरशी फोडतो आणि माग उघडा पडतो.

स्कॉटलंडमधील कॉर्नकॉकल येथील खाणीत असेच घडले. रेव्हरंड हेन्री डंकन (बचतपेढीचे एक आद्य प्रवर्तक म्हणूनही हे गृहस्थ प्रसिद्ध आहेत) ह्यांनी तेथील ठशांवर १८२८ मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. ऑक्सफर्डचे विल्यम बकलंड ह्यांनी मळलेल्या कणकेवर व ओल्या वाळूवर जिवंत कासवे चालवून पाहिली आणि खडकातील ठसे कासवाचे असावेत असा निष्कर्ष काढला. पुढे १८५० मध्ये सर विल्यम जार्डिन ह्यांनी त्यांना ‘चेलिक्नस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘चेलिस’ म्हणजे कासव आणि ‘इक्नॉस’ म्हणजे पाऊलखूण. हे ठसे कासवाचे नाहीत, सस्तन प्राण्यांच्या दूरच्या पूर्वजकुळातील चतुष्पादांचे असावेत, असे मत नंतर रूढ झाले; तरी नाव राहिले. शेंगदाण्याच्या तेलाला ‘तेल’ म्हणताना तिळाची आठवण कोणी ठेवत नाही, तसाच हा प्रकार आहे.

येथे एक नियम ध्यानात ठेवावयास हवा. पदमुद्रेला जे द्विपदी नाव दिले जाते ते प्राण्याचे नाव नव्हे. ते ठशाचे नाव होय. एकाच प्राण्याच्या वेगवेगळ्या ठशांना भिन्न नावे असू शकतात, आणि एका नावाखाली अनेक प्राणी येऊ शकतात. संस्कृतात ‘पद’ ह्या शब्दाला पाऊल, पाऊलखूण आणि शब्द असे तिन्ही अर्थ आहेत हा योगायोग येथे उद्बोधक वाटतो. मराठीतील ‘माग’ हा शब्दही चालणाऱ्यापेक्षा चालण्याकडेच बोट दाखवतो. पदमुद्रा ही शरीराची नव्हे, क्रियेची नोंद आहे.

ही बाब केवळ तात्त्विक नाही. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या कोकोनिनो वालुकाश्मात, जो सुमारे २७ ते २८ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, प्राण्यांची हाडे मिळालेली नाहीत. तेथील सजीव सृष्टीविषयी जे ज्ञात आहे ते मागांवरूनच. चार्ल्स गिलमोर ह्यांनी १९२६ ते १९२८ ह्या काळात त्यांची सविस्तर वर्णने प्रसिद्ध केली आणि अनेक नवी नावे दिली. आता, नावे जितकी तितके प्राणी असे गृहीत धरले, तर ते वाळवंट विविध प्राण्यांनी गजबजलेले होते असे म्हणावे लागते. नावे कमी केली की ते ओस पडते. एका प्राचीन सृष्टीचे चित्र अशा रीतीने वर्गीकरणाच्या निकषावर अवलंबून राहते.

गिलमोर ह्यांनीच एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली होती: जवळजवळ सर्व माग चढाच्या दिशेने जातात. प्राणी चढले आणि उतरलेच नाहीत काय? एडविन मॅकी ह्यांनी १९४० नंतरच्या दशकात वाळूच्या उतारावर सरडे चालवून ह्याचा उलगडा केला. चढताना पाय वाळू मागे रेटतो व खळग्यामागे तिचा चंद्रकोरीसारखा उंचवटा राहतो. उतरताना वाळू घसरून ठसाच मोडतो. लेनर्ड ब्रँड ह्यांनी १९७९ मध्ये हे ठसे पाण्याखाली उमटले असावेत असा वेगळा पक्ष मांडला. परंतु त्याच खडकात विंचवासारख्या प्राण्यांचे माग व पावसाच्या थेंबांचे वण आढळतात. त्यांच्याशी ह्या पक्षाचा मेळ बसणे कठीण आहे.

म्हणजे चढ, उतार, आडवी चाल आणि वाळूची ओल ह्यांनुसार एकाच पावलाचे आकार बदलतात. भाषेत हे नित्य घडते. ‘अंक’ ह्या शब्दातील अनुनासिक कंठस्थानी उच्चारले जाते व ‘अंत’ ह्या शब्दातील दंतस्थानी. हा भेद पुढील व्यंजनाने घडवलेला असून मराठीत त्यावर अर्थभेद अवलंबून नाही. जो अभ्यासक अशा परिसरबद्ध प्रत्येक भेदाला स्वतंत्र स्वनिम मानील त्याची यादी फुगेल. वालुकाश्माच्या बाबतीत बराच काळ असेच होत आले. मॅककीव्हर आणि हाउबोल्ड ह्यांनी १९९६ मध्ये स्कॉटलंड, ॲरिझोना व जर्मनी येथील ठशांची फेरतपासणी करून पुष्कळशी नावे ‘चेलिक्नस’च्या मोजक्या प्रकारांत विलीन केली.

तथापि विलीनीकरणालाही मर्यादा आहे. भेद परिसराने घडवलेले असतात म्हणून सर्वच भेद गौण ठरत नाहीत. लोरेन्झो मार्केटी व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये शरीररचनेशी सुसंगत लक्षणांचाच आधार घेऊन स्कॉटलंड व जर्मनीतील ठसे पुन्हा तपासले, आणि खुद्द ‘चेलिक्नस’ हेच नाव संशयास्पद ठरवले. त्याच वर्षी ग्रँड कॅन्यनमधील एका मागाचा संबंध ‘इक्निओथेरियम’शी, म्हणजे एरवी वाळवंटाबाहेर आढळणाऱ्या ठशांशी, जोडला गेला. ही दिशा अधिक योग्य वाटते. बोटांची संख्या व परस्पर-प्रमाण ही लक्षणे चांगल्या ठशांत परिसर बदलला तरी टिकतात. चंद्रकोर टिकत नाही.

लाव्हा आणि वालुकागिरी ह्यांचा संबंध नेहमीच परकेपणाचा असतो असेही नाही. ब्राझीलमधील बोटुकाटू वाळवंट सुमारे १३.५ कोटी वर्षांपूर्वी बेसाल्टाच्या प्रवाहांखाली गाडले गेले आणि त्याचे वालुकागिरी त्या आवरणाखाली राहिले. साओ पाउलो राज्यातील अराराक्वारा शहराच्या पदपथांना बसवलेल्या फरशांवर तेथील माग आजही दिसतात. जुझेप्पे लिओनार्डी ह्यांनी १९८१ मध्ये त्यांतील एका लहान सस्तनसदृश प्राण्याच्या ठशाला ‘ब्राझिलिक्नियम इल्यूझिव्हम’ असे नाव दिले. दुसरे पद ‘हुलकावणी देणारा’ ह्या अर्थाचे आहे. अलीकडे तेथील एका छोट्या मांसाहारी डायनोसॉरच्या मागाचे ‘फार्लोविक्नस रॅपिडस’ असे नामकरण झाले आहे. लांब पडलेल्या ढांगांवरून त्याचा वेग ध्यानात आला, आणि ‘रॅपिडस’ म्हणजे शीघ्र. येथे नावातच क्रिया आली आहे.

भारतात जैसलमेरजवळच्या थैयात येथे ज्युरासिक काळाच्या आरंभीचे डायनोसॉरचे ठसे मिळाले आहेत. आज तो भाग वाळवंटी असला, तरी ज्या गाळात ते उमटले तो समुद्रकाठचा होता. त्यांना वालुकागिरीतील ठशांत गणता येत नाही. उत्तर कोकणात लाव्ह्याचा तळ उघडा पडलेला नसल्याने त्याखाली काय आहे ते पाहता येत नाही. मुंबईत वरळी येथे दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या गाळात बेडकांचे सांगाडे मिळाले व १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन ह्यांनी त्यांचे वर्णन केले. तो गाळ पाणथळ जागेचा आहे. तेथे प्राणी सापडला. त्याची चाल सापडली नाही.