तीन रंगांचा हिशेब

‘बाबा, आपल्या घराण्याचा रंग कोणता?’ एडिंबरोहून लेकीने फोनवर विचारले. गोरा जावई नको म्हणून मी तिच्याशी वर्षभर बोललो नव्हतो. लग्नात तो किल्ट, म्हणजे त्यांचा चुण्यांचा लोकरी घागरा, नेसणार होता. त्यासाठी दोन्ही घरांचा मिळून नवा टार्टन, चौकड्यांचा नमुना, आखायचा होता.

जन्मभर बँकेत आकडे मांडलेला मी काय सांगणार? वाचू लागलो. प्रत्येक घराण्याचा वेगळा टार्टन ही कल्पना काही फार प्राचीन नाही. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हापासून ती फोफावली. २००९ पासून तर तिथे सरकारी नोंदवहीच आहे. नव्या नमुन्याचीही तीत नोंद होते.

रीत खातेवहीसारखी. कोणत्या रंगाचे किती धागे, ते क्रमाने लिहायचे. टोकाला पोचले की उलटे मागे यायचे. उभ्या धाग्यांचा जो क्रम, तोच बहुधा आडव्यांचा. रंग स्वतःलाच भेटला की शुद्ध उमटतो, दुसऱ्याला भेटला की निराळी छटा. तीन रंगांच्या अशा सहा छटा.

मी ट्रंकेतून बायकोचे इरकली लुगडे काढले. ती जाऊन नऊ वर्षे झाली. अंग हिरवे, काठ लाल. आमचे घर येरवड्यात. इथल्या तुरुंगात १९३० साली गांधीजी सूत कातत. मी मात्र धागे प्रथमच मोजले, तेही भिंग लावून.

निळा जावयाच्या घरचा. टपालाने तुकडा आला. लाल जिथे निळ्याला छेदत होता, तिथे जांभळा दिसत होता. तो कोणाच्या खात्यात टाकायचा, हे बँकेने शिकवले नव्हते.

मी लेकीला फोन लावला.