उंच केलेल्या जीपचें स्टिअरिंग कां वाजतें?

मोहोळच्या आसपास काळ्या जमिनींतील वस्त्यांवर राहणाऱ्या आमच्या वाचकांस जीपची ओळख नव्यानें करून द्यावयास नको. पावसाळ्यांत सीनेच्या कांठच्या गाडीवाटा चिखलानें भरल्या म्हणजे साधी मोटार तेथें रुतून बसते. जीप मात्र चारही चाकांस जोर देऊन बाहेर निघते. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलीज् जातीच्या जीपा जुळविण्यास आरंभ केला, आणि तिचा वंश आजच्या थार गाडीपर्यंत चालत आला आहे. चिखलांत पोट टेकूं नये म्हणून पुष्कळ मालक लांब शॅकल किंवा जाड कमानी घालून गाडी दोन-तीन इंच उंच करून घेतात व मोठे टायर चढवितात. पुढें थोड्याच दिवसांत स्टिअरिंग फिरवितांना पुढच्या बाजूनें ‘टक्’ असा आवाज येऊं लागतो. बहुतेक लोक तो ऐकून न ऐकल्यासारखें करितात. परंतु त्याच गाडींतून मुलें शाळेंत येतात आणि तीच गाडी उसाच्या ट्रॉल्यांनीं गजबजलेल्या सोलापूर-पुणें रस्त्यावर चढते, म्हणून हा विषय येथें घेतला आहे.

गाडी उंच केल्यानें बिघडतें काय, तें प्रथम पाहूं. स्टिअरिंगची पेटी चेसीस जखडलेली असते, चाकें आंसास. चेसी वर गेली, आंस होता तेथेंच राहिला. यामुळें पेटीकडून चाकाकडे जाणारा दांडा, ज्यास कारागीर ड्रॅग लिंक म्हणतात, तो पूर्वी जवळजवळ आडवा होता तो आतां तिरपा होतो. त्याच्या टोकांस गोळा व वाटी यांचा सांधा असतो. माणसाच्या खांद्याचा सांधा जसा एका मर्यादेपर्यंतच फिरतो, तसाच हाही. तिरप्या दांड्यामुळें गोळा वाटीच्या कडेवर चालूं लागतो, लवकर झिजतो, आणि मग वाजतो. शिवाय खड्ड्यांत चाक वर उचललें गेलें कीं तिरपा दांडा चाकास बाजूला ढकलतो. स्टिअरिंग कोणी न फिरवितां गाडी हिसका देते.

दुसरी गोष्ट सायकलवाल्या विद्यार्थ्यांस सहज कळेल. सायकलचा पुढचा चिमटा किंचित् मागें कललेला असतो. म्हणून हात सोडले तरी ती बरीचशी सरळ जाते. जीपच्या पुढच्या चाकांसही असाच कल दिलेला असतो. कमानीच्या पुढच्या टोकास शॅकल असेल व तें लांब केलें, तर आंस पुढें झुकतो आणि हा कल कमी होतो. मग वेगांत चाकें थरथरूं लागतात, व थरथरीनें उरलेसुरले सांधेही ढिले होतात.

आतां आवाज कोठचा, हें ओळखावें कसें? आमच्या मतें अर्धी परीक्षा कान लावण्यापूर्वींच होते: आवाज केव्हां येतो, हें नीट आठवावें. उभ्या गाडींत स्टिअरिंग फिरवितांना टक् झालें, तर सांधे किंवा पेटीचे बोल्ट संशयित. केवळ खड्ड्यांत खडखड झाली, तर कमानीचे बुश, शॅकल किंवा यू-बोल्ट. चारही चाकांस जोर देऊन हळू वळतांना कटकट झाली, तर पुढच्या आंसाच्या टोकाचा सांधा. वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगची असते. पण खोल खांचांचे टायरही असेंच गुणगुणतात, हें विसरूं नये. स्टिअरिंग पूर्ण फिरविल्यावरच घांसल्यासारखें झालें, तर मोठा टायर कमानीस लागत आहे.

यानंतर दोन माणसांनीं मिळून पाहावें. गाडी सपाट जागीं, इंजिन बंद, मागच्या चाकांस दगड लावलेले. एकानें आंत बसून स्टिअरिंग थोडें थोडें इकडेतिकडे हलवावें. दुसऱ्यानें खालीं प्रत्येक सांध्यावर क्रमानें हात ठेवावा. कानास आवाज कोठूनही आल्यासारखा वाटतो, कारण लोखंड तो दूरवर वाहून नेतें. बोट मात्र फसत नाहीं. चाकें जमिनीवर असतांनाच ही परीक्षा करावी, म्हणजे सांध्यांवर खरा भार राहतो. चाकाचें बेअरिंग व किंग पिन यांसाठीं मात्र चाक उचलावें लागतें. (जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कधींही जाऊं नये, खालीं भक्कम आधार द्यावा.) चाकाच्या वर व खालीं हात धरून तें हालवावें. खेळ आढळला तर दुसऱ्यास ब्रेक दाबावयास सांगावें. ब्रेक दाबतांच खेळ नाहींसा झाला, तर दोष बेअरिंगचा. तरीही राहिला, तर किंग पिनचा. इतकी साधी युक्ति आम्हांस कितीतरी वर्षें ठाऊक नव्हती!

२०२० सालच्या थारमध्यें पुढें पाट्यांच्या कमानी नसून वळ्यांच्या स्प्रिंगा आहेत, व प्रत्येक चाक स्वतंत्रपणें वरखालीं होतें. तेथें सांध्यांचीं नांवें बदलतात. परीक्षेची रीत तीच. गाडीच्या मूळ रचनेंत असा फेरफार करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें बंधनें आहेत, हेंही पालकांनीं ध्यानांत ठेवलेलें बरें.

आमच्या परिचयाच्या एका शेतकरी गृहस्थांची जीप अशीच टक् करीत असे. एका गॅरेजांत दांड्याचे सांधे बदलले, आवाज राहिला. पुन्हां बदलले, राहिलाच. गृहस्थ म्हणाले, “जुनी गाडी आहे, बोलायचीच.” एके रविवारीं आम्ही त्यांच्या अंगणांत वरील रीतीनें पाहूं लागलों. त्यांचा नववींतला मुलगा आडवा पडून एकेका सांध्यावर हात ठेवीत होता. सांधे नवे, घट्ट. कोठेंच धक्का लागेना. शेवटीं त्यानें पेटीवर हात ठेवला व ओरडला, “बाबा, ही सबंध पेटीच हलते!” बोल्टांच्या भोंवतीं तांबूस गंजाची पूड जमली होती, लोखंड लोखंडावर घांसलें म्हणजे ती जमते. चिखल खरवडून पाहतों तों बोल्टाच्या भोंकापासून चेसींत बोटभर लांबीची चीर गेलेली! मोठ्या टायरांचा सारा जोर त्या एका जागीं पडत होता.

गृहस्थ बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. त्याच जीपमधून ते आदल्या दिवशीं मुलांस पंढरपुरास नेऊन आले होते. मग त्यांनीं किल्ली काढून खिशांत टाकली. चेसीस जाड पत्र्याचा जोड देऊन वेल्डिंग होईपर्यंत ती गाडी अंगणाबाहेर गेली नाहीं, आणि तितके दिवस मुलगा एस. टी. नें शाळेंत येत होता.