मेंदूतील तालबद्ध लहरी आणि वाक्याचे आकलन

अक्षर, पदबंध आणि वाक्य हे भाषेचे चढते स्तर आपल्याला परिचित आहेत. हे स्तर व्याकरणकारांनी केवळ सोयीसाठी कल्पिलेले आहेत, की ऐकणाऱ्याच्या मनातही ते घडतात? या प्रश्नाचा विचार मेंदूविज्ञानाच्या आधारे करू.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत्-लहरींची पहिली नोंद केली व १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. एका चेतापेशीचा संकेत अतिशय क्षीण असतो. मात्र दिंडीतील टाळ एका ठेक्यात वाजले म्हणजे दूरवर ऐकू येतात, त्याप्रमाणे असंख्य पेशी एकाच तालात कार्य करू लागल्या की त्यांचा एकत्रित संकेत कवटीबाहेरही नोंदवता येतो. या एकतालतेलाच समकालिकता म्हणतात.

आपण बोलणे ऐकतो तेव्हा श्रवणक्षेत्रातील, सेकंदाला सुमारे ४ ते ८ आवर्तनांच्या 'थीटा' लहरी अक्षरांच्या गतीशी जुळून घेतात. नाई डिंग, डेव्हिड पोपेल व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात श्रोत्यांना चिनी भाषेतील चार-चार अक्षरांची वाक्ये सेकंदाला चार अक्षरे या समगतीने ऐकवली. पदबंध वा वाक्य कोठे संपते, हे सुचवणारा विराम किंवा हेल त्यांत नव्हता. तरीही चिनी भाषकांच्या मेंदूत तीन ताल आढळले: सेकंदाला चार (अक्षरे), दोन (पदबंध) आणि एक (वाक्य). चिनी न जाणणाऱ्या इंग्रजी भाषकांच्या मेंदूत केवळ अक्षरांचा ताल उमटला.

'मुले आली' हे वाक्य घ्या. मराठी न जाणणाऱ्याला त्यात चार अक्षरे ऐकू येतील. तुम्हाला मात्र दोन पदबंध आणि एक वाक्य जाणवते. म्हणजेच वाक्य केवळ ध्वनीत नसते. भाषेचे ज्ञान असलेला श्रोता ते घडवतो.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. हे ताल आकलन घडवून आणतात, की आकलनाच्या प्रक्रियेची ती केवळ खूण आहे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

स्वयंअध्ययन : 'मुले आली'सारखी चार अक्षरांची तीन वाक्ये तयार करा व त्यांतील पदबंध दाखवा.