कागदोपत्री (भाग ९) : मेलेल्याची नोंद, जित्यांच्या कामाची

गेल्या आठवड्यात जन्माची नोंद पाहिली. आज तिच्या शेजारची वही उघडू.

मृत्यूचा दाखला म्हटला की बँक, विमा, पेन्शन आणि सातबाऱ्यावर वारसांची नावं लावणं एवढंच आपल्याला आठवतं. तेरावं उरकल्यावर घरातलं कुणीतरी दाखल्याच्या झेरॉक्स घेऊन हिंडतं ते यासाठीच. पण तो दाखला एकदा नीट वाचा. नाव आहे, तारीख आहे, ठिकाण आहे, पत्ता आहे. माणूस कशाने गेला, ते मात्र कुठेच नाही. ते राहून गेलेलं नाही, मुद्दाम गाळलेलं आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं सतरावं कलम सांगतं, की वहीतली नोंद कुणीही शोधायला लावावी, फी भरून उतारा मागावा; पण त्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही. म्हणजे वही सर्वांसाठी खुली, एक रकाना तेवढा झाकलेला. मला यात शहाणपण दिसतं. घरातल्या कुणी आत्महत्या केली किंवा कुणाला एचआयव्ही होता, ही गोष्ट दाखल्याबरोबर गॅस एजन्सीच्या खिडकीपर्यंत जावी असं कुणाला वाटेल?

आरोग्य खात्याला मात्र हाच रकाना सगळ्यांत मोलाचा. दवाखान्यात मृत्यू झाला तर डॉक्टर नमुना ४ भरतात, घरी झाला तर ४-अ. त्यात तात्कालिक कारण, त्याच्यामागचं कारण आणि अगदी तळाचं मूळ कारण असं उतरत्या क्रमाने लिहायचं असतं. नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडली’ लिहून चालत नाही. ती सगळ्यांचीच बंद पडते. मधुमेहातून मूत्रपिंडं गेली की सर्पदंशाने, हे कळलं तरच औषधं कुठल्या तालुक्यात धाडायची ते ठरतं. कोविडनंतर ५० हजारांचं सानुग्रह अनुदान जाहीर झालं, तेव्हा अनेक घरांना हा रकाना पहिल्यांदा आठवला, कारण हातातल्या दाखल्यावर ‘कोविड’ हा शब्दच नव्हता. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णालय सरकारी असो की खासगी, कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत त्याने जवळच्या नातेवाइकाला फुकट द्यायची आहे. मागून घ्या आणि जपून ठेवा.

जुन्या वह्यांत कारणं ढोबळ असत : पटकी, देवी, आणि बाकी बरंचसं ‘ताप’. पण ढोबळ नोंदही वाया जात नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने हिंदुस्थानात किती माणसं नेली याचे अंदाज बांधले गेले ते याच आकड्यांवरून. एरवीच्या वर्षांत तापाने किती जात आणि त्या वर्षी किती गेले, यातला फरक अभ्यासकांनी मोजला.

अशा वह्यांना आपल्याकडे लोक कोतवाल बुक म्हणतात. दप्तरी नाव गाव नमुना १४. पिवळा पडलेला, कडा झडलेला कागद, त्यावर मोडीची एका दमात ओढलेली ओळ : तारीख, नाव, बापाचं नाव, वय, जात. लिहिणाऱ्याने जातीचा रकाना रीत म्हणून भरला. आज त्या रकान्यासाठी तहसील कचेरीत मोडी वाचणारे बसतात. इतर मागासवर्गाच्या जात पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या खापरपणजोबांचा एकमेव सरकारी कागद बहुतेकदा त्यांच्या मरणाचाच असतो. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तपासलेल्या दप्तरांत या वह्याही होत्या. शंभर वर्षांपूर्वी गेलेला माणूस नातवाच्या नातवाला कॉलेजची जागा मिळवून देतो, ती अशी.

पण आधी नोंद तर व्हायला हवी. मुदत २१ दिवसांची. गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेत. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर खबर देणं रुग्णालयाचं काम. मुदत टळली की विलंब शुल्क, महिना उलटला की वरिष्ठांची परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. घरी गेलेल्या म्हाताऱ्या बाईच्या नावावर जमीन नसेल, तर तिची नोंद करायला कुणी जातच नाही. अशी नावं वहीत सर्रास गळतात. ज्यांच्या नावावर जमीन असते, त्यांचे वारस फेरफारासाठी तलाठ्याकडे जातात. पुढच्या आठवड्यात आपणही त्यांच्या मागोमाग तिथे जाऊ.