घर गहाण, मुले लहान

खडोली, राखोली, सायली, सुरंगी ह्या आपल्या परिसरातील गावांत आज कारखाने उभे आहेत. विक्रीकराच्या आणि पुढे आयकराच्या सवलतींमुळे ते येथे आले, आणि त्यांच्यामागून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबेही येथे स्थिरावली. प्रथम भाड्याची खोली, मग लग्न, मग मूल, आणि मग बँकेकडून कर्ज काढून घेतलेले स्वतःचे छोटे घर, हा क्रम आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या परिचयाचा आहे. हे कर्ज मुदतीपूर्वी फेडावे काय, आणि फेडावे तर मुलांच्या तोंडचा घास न काढता ते कसे जमवावे, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

ह्या भूमीला अशा व्यवहाराचा जुना अनुभव आहे. मराठ्यांनी 1779 च्या तहान्वये व 1783 आणि 1785 च्या सनदांनी येथील गावांचा वसूल पोर्तुगीजांस लावून दिला. दिला होता तो केवळ वसूल, सत्ता नव्हे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 12 एप्रिल 1960 च्या निकालात हेच म्हटले की, मराठ्यांच्या मनात फक्त जहागीर अथवा सरंजाम देण्याचे होते. पण वसूल घेणारा मालक होऊन बसला, आणि गावे सुटावयास 1954 साल उजाडावे लागले.

शेजारच्या डहाणू-उंबरगाव भागातील वारल्यांची कथा तर थेट संसाराचीच आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडीशी रक्कम घ्यावी, आणि तिच्यापायी नवराबायको दोघांनी त्याच्या घरी-शेतात राबत राहावे, अशी रीत होती. अशा गड्याला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज किती, फिटले किती, ह्याचा हिशेब सावकाराच्या वहीत. 1945 साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारली उठले, त्यामागचे एक मोठे कारण हेच होते. आजची बँक म्हणजे तो सावकार नव्हे, हे उघड आहे. आज हिशेब आपल्याला मागता येतो. मात्र तो मागणारे व वाचणारे फार थोडे, म्हणून तो येथे मांडतो.

समजा, वीस लाखांचे कर्ज, दर साल नऊ टक्के, मुदत वीस वर्षे. मासिक हप्ता साधारण 17,995 रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील 15,000 रुपये व्याजात जातात आणि मुदल उतरते ते अवघे तीन हजारांच्या आत. पाच वर्षांत मिळून सुमारे 10 लाख 80 हजार भरले जातात, तरी मुदलातून कमी होतात ते सव्वादोन लाख. हप्त्यातील मुदलाचा वाटा व्याजाहून मोठा होण्यास तेरावे वर्ष लागते. वीस वर्षांत व्याजापोटी जातात 23 लाखांहून अधिक, म्हणजे मुदलाहून जास्त. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता, एका वेळी मुदलाहून अधिक व्याज वसूल करू नये असा. तो थकलेल्या व्याजापुरता होता, महिन्याच्या महिन्याला भरलेले व्याज त्यात धरत नसत. तरीही, लबाडी कोणाचीच नसताना केवळ मुदत लांब असल्याने आपण दामदुपटीच्या पलीकडे जातो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता ह्याच कर्जात पहिल्या वर्षाअखेर एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे 27 हप्ते गळून पडतात व व्याजाचे चार लाखांच्या जवळपास रुपये वाचतात. तेच एक लाख दहाव्या वर्षाअखेर भरले, तर 13 हप्ते कमी होतात आणि वाचतात सुमारे 1 लाख 34 हजार. अर्थात वीस वर्षांनंतरचा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो, तेव्हा चार लाखांचा आकडा ऐकून फार हुरळून जाऊ नये. पण लौकर भरलेल्या पैशाला बळ अधिक, हे निर्विवाद.

आणि अडचण नेमकी येथेच आहे. ज्या वर्षांत भरणा सर्वांत गुणकारी, त्याच वर्षांत घरात बाळ असते, बाळाच्या आईला नोकरी सोडावी लागलेली असते, दवाखाना चालू असतो आणि पगार एकट्याचा असतो. अशा वेळी 'पोटाला चिमटा काढा' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मते मुलाच्या दुधात, लसीत किंवा बाळंतिणीच्या खाण्यात काटकसर करून बँकेला पैसे देणे हा शहाणपणा नव्हे. त्या वयातली उणीव पुढे कोणत्याही व्याजाने भरून निघत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी घरखर्च व हप्ता मिळून निदान सहा महिन्यांची रक्कम बाजूला असावी. कर्जात जादा भरलेला पैसा सहसा परत काढता येत नाही, आणि गेल्या महिन्यात तुम्ही लाख रुपये भरले म्हणून बँक पुढचा हप्ता माफ करीत नाही. कारखान्यात कामकपात झाली, कंत्राट संपले, की हे ध्यानात येते. काही बँका कर्जखात्यालाच जोडून असे खाते देतात की त्यात ठेवलेल्या रकमेपुरते व्याज लागत नाही आणि गरज पडल्यास रक्कम काढताही येते. दर किंचित अधिक असतो, पण लेकुरवाळ्या घराला ही सोय पाहण्यासारखी आहे.

त्यानंतर कमावत्याच्या जिवाचा विमा, निव्वळ मुदतीचा, निदान कर्जाच्या रकमेइतका. तो 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ताविषयक कायद्याखाली पत्नी व मुलांच्या नावे केल्यास त्या पैशावर धन्याच्या इतर देणेकऱ्यांचा हात पडत नाही. पुष्कळ घरांत बायको कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून सही करते, पण कर्ज किती उरले हे तिला ठाऊक नसते. वर्षातून एकदा खात्याचा उतारा दोघांनी मिळून वाचावा.

दागिन्यांवरचे कर्ज, हातउसने, क्रेडिट कार्डाची थकबाकी ही घराच्या कर्जाआधी फेडावीत. कार्डाचे व्याज वर्षाला तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाते, आणि तेथे नऊ टक्क्यांचे कर्ज फेडत बसणे म्हणजे घागर गळत असताना पेल्याला डाग लावणे होय.

एवढे झाल्यावर जे उरेल ते कर्जात. दिवाळीच्या बोनसमधून वर्षाला एकच जादा हप्ता भरला, तरी वरील उदाहरणात कर्ज सुमारे तीन वर्षे पाच महिने आधी संपते व साडेचार लाखांहून अधिक व्याज वाचते. एवढेही न जमल्यास पहिल्या वर्षाअखेर भरलेले दहा हजारसुद्धा शेवटचे तीन हप्ते पुसून टाकतात. मुलगी दहा वर्षांच्या आतील असेल तर थोडा भाग सुकन्या समृद्धी खात्यात घालावा असे आम्ही म्हणू. 2015 साली सुरू झालेल्या ह्या योजनेचा दर 2024 च्या जानेवारीत 8.2 टक्के ठरला, आणि त्यावरील व्याजाला कर नाही. कर्जाच्या दराहून तो फार मागे नाही, आणि तिच्या अठराव्या वर्षी शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते.

आयकराची सवलत मिळते म्हणून कर्ज फेडू नये, असे म्हणणारेही आहेत. ज्याने नवी करपद्धती स्वीकारली त्याला राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही. जुन्या पद्धतीत मिळते, पण वीस टक्के कर भरणाऱ्याचे रुपयाच्या व्याजामागे वीस पैसे वाचतात. उरलेले ऐंशी पैसे खिशातूनच जातात.

जादा भरण्याबद्दल दंड पडेल ही भीती मात्र सोडावी. बदलत्या दराच्या गृहकर्जावर असा आकार घेण्यास रिझर्व्ह बँकेने 2012 सालीच बँकांना मनाई केली. स्थिर दराच्या कर्जात आकार असू शकतो, तो करारात पाहावा. भरणा करताना 'मुदत कमी करावी, हप्ता तोच ठेवावा' असे लेखी द्यावे. न सांगितल्यास हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवली जाण्याचा संभव असतो, आणि मग फायद्याचा बराच भाग निसटतो. दर वाढल्यावरही सावध असावे. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 ह्या काळात रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप काही वर्षांनी लांबली. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले की, अशा वेळी हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की काही रक्कम आगाऊ भरावी, ही निवड कर्जदाराला दिली पाहिजे. ती आपण होऊन मागावी.

शेवटचा हप्ता भरल्यावर पेढे वाटण्याआधी कागद ताब्यात घ्यावेत. कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत घराचे मूळ दस्त परत करणे बँकेवर 1 डिसेंबर 2023 पासून बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवशी 5,000 रुपये भरपाई मिळते. कर्ज घेताना जमा केलेल्या दस्तांची जी यादी मिळाली असेल तिच्याशी एकेक कागद ताडून पाहावा, निरंकतेचा दाखला घ्यावा, आणि जमिनीच्या दप्तरी बँकेचा बोजा नोंदलेला असल्यास तो कमी करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा.