गावाबाहेर गेलेला कारभार

१ जून २०१४ रोजी आयर्लंडमधल्या ८० नगरांच्या परिषदा एकाच दिवशी संपल्या. मुदत संपली म्हणून प्रशासक बसवला, असे घडले नाही. संसदेने त्याच वर्षी कायदा केला आणि त्या संस्थाच मोडीत निघाल्या. वॉटरफर्ड काउंटीत अशा तीन परिषदा होत्या : डंगार्व्हन, ट्रॅमोर आणि लिझमोर. यांतले लिझमोर सर्वांत लहान. ब्लॅकवॉटर नदीकाठचे, जेमतेम चौदाशे वस्तीचे हे गाव. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल १६२७ मध्ये इथल्याच किल्ल्यात जन्मला. एवढ्या गावाला स्वतःची निवडून आलेली नऊ जणांची सभा होती. आज तिथला गटारीचा प्रश्न, पार्किंगचा प्रश्न, स्मशानभूमीच्या भिंतीचा प्रश्न वॉटरफर्ड शहर व काउंटी परिषदेच्या एका उपविभागापुढे जातो.

मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, तर आई मिरियम या डंगार्व्हनच्या, व्यवसायाने परिचारिका. लिओ २०१७ मध्ये पंतप्रधान झाले आणि २०१९ च्या डिसेंबरात कुटुंबासह वराडला येऊन गेले, तेव्हा आपल्याकडे मोठ्या बातम्या झाल्या. त्या बातम्यांत एक गोष्ट राहून गेली. या माणसाची पहिली राजकीय खुर्ची डब्लिनच्या वेशीवरच्या फिंगल काउंटी परिषदेतली होती आणि ती त्यांना पोटनिवडणुकीने मिळाली नव्हती. आयर्लंडमध्ये स्थानिक सदस्याची जागा मधेच रिकामी झाली, तर पोटनिवडणूक घेत नाहीत; परिषद ती स्वीकृतीने भरते. २००३ मध्ये वराडकर असे आत आले आणि पुढच्या वर्षी मतदारांनी त्यांना भरघोस मतांनी निवडून दिले. बापाच्या गावाला ग्रामपंचायत आहे. आईच्या गावाला आता स्वतःची परिषद नाही. मला या विषयाकडे ओढले ते या तफावतीने.

हे असे का झाले, ते समजायला थोडे मागे जावे लागते. १८९८ पर्यंत आयर्लंडच्या काउंटीचा कारभार ‘ग्रँड जुरी’ नावाच्या मंडळाकडे होता. सरकारी शेरीफ जमीनदारांना निवडून नेमायचा आणि ते रस्ते, पूल, कर ठरवायचे. मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली होती आणि त्यांतले काही सदस्य निवडून येत होते. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या काही मोजक्या करदात्यांना हा हक्क मिळाला, तेव्हा आयरिश शेतकऱ्याला तो काउंटीच्या पातळीवर नव्हता. १८९८ चा कायदा झाला आणि १८९९ च्या वसंतात पहिल्या निवडणुका झाल्या. त्या एका फेरीत जमीनदारांची सत्ता बहुतेक ठिकाणी उखडली गेली. काउंटी परिषदांच्या खाली ग्रामीण जिल्हा परिषदा आल्या आणि त्यांवर स्त्रियांनाही निवडून येता येऊ लागले. या ग्रामीण परिषदांनी केलेले एक काम फार मोठे आहे. शेतमजुरांसाठी त्यांनी घरे बांधली, प्रत्येक घराला भाजीपाल्यापुरती जमीन दिली. पहिल्या महायुद्धापर्यंत अशी ४० हजारांहून अधिक घरे उभी राहिली. आजही खेड्यातल्या रस्त्याने जाताना ती ओळखू येतात.

स्वातंत्र्ययुद्धात याच परिषदांनी मोठी जोखीम पत्करली. १९२० च्या निवडणुकांनंतर बहुतेक परिषदांनी ठराव करून ब्रिटिश खात्याशी संबंध तोडले आणि गुप्तपणे चालणाऱ्या आयरिश संसदेशी निष्ठा जाहीर केली. सरकारने अनुदाने रोखली. १९२१ च्या मे महिन्यात डब्लिनचे कस्टम हाउस जाळले गेले आणि स्थानिक कारभाराच्या मध्यवर्ती मंडळाचे दप्तर त्यात खाक झाले. ज्या सभांनी हे केले, त्यांच्यावर नव्या स्वतंत्र सरकारने विश्वास टाकला असता, असे कोणालाही वाटेल. घडले उलटे. १९२३ मध्ये केरी आणि लायट्रिमच्या परिषदा बरखास्त झाल्या, १९२४ मध्ये डब्लिन आणि कॉर्कच्या महापालिका. १९२५ च्या कायद्याने ग्रामीण जिल्हा परिषदा कायमच्या रद्द झाल्या, डब्लिनभोवतालच्या तेवढ्या आणखी काही वर्षे राहिल्या. त्यांच्या जागी निवडून आलेली दुसरी सभा आली नाही. माझ्या मते २०१४ चा निर्णय या १९२५ च्या निर्णयाचेच पुढचे पाऊल आहे. खेड्याला निवडून आलेली सभा हवी कशाला, हा प्रश्न सरकारने तेव्हाच विचारला आणि स्वतःच उत्तर देऊन टाकले.

सभांच्या जागी भरवसा ठेवला गेला तो अधिकाऱ्यावर. कॉर्कमध्ये १९२४ पासून आयुक्त म्हणून काम पाहणारे फिलिप मोनहन १९२९ च्या खास कायद्याने तिथले पहिले शहर व्यवस्थापक झाले. १९४० च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला असा व्यवस्थापक मिळाला. आता त्याला मुख्य कार्यकारी म्हणतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या सीईओसारखे हे पद वाटेल, पण फरक आहे. आपला सीईओ राज्य सरकारच्या बदलीच्या यादीत असतो. आयरिश मुख्य कार्यकारी स्वतंत्र निवड मंडळाच्या परीक्षेतून येतो आणि ठरलेल्या वर्षांसाठी एकाच परिषदेत राहतो. कामांची वाटणी कायद्याने केलेली आहे. अंदाजपत्रक, विकास आराखडा, उपविधी हे सदस्यांचे. बांधकाम परवानगी, घरवाटप, कर्मचारी, कंत्राटे हे अधिकाऱ्याचे. सभेने ठराव करून अधिकाऱ्याला एखादी गोष्ट कर, असे बजावण्याची तरतूद १९५५ पासून आहे. बांधकाम परवानग्यांसाठी तिचा इतका वापर झाला, की २०१४ मध्ये परवानग्या त्या तरतुदीतून वगळल्या गेल्या.

परवानगीची पद्धत मात्र नीट पाहण्यासारखी आहे. लिझमोरजवळच्या एखाद्या शेतकऱ्याला मुलासाठी शेताच्या कडेला घर बांधायचे आहे, असे समजा. अर्ज देण्याआधी दोन आठवड्यांच्या आत त्याला स्थानिक वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते आणि जागेच्या फाटकावर, रस्त्याने जाणाऱ्याला वाचता येईल अशी, ठरलेल्या मजकुराची पाटी लावावी लागते. त्याच जागेसाठी सहा महिन्यांत दुसरा अर्ज असेल, तर पाटी पिवळ्या कागदावर. सांडपाणी जमिनीत मुरेल का, हे पाहायला खड्डा खणून त्यात पाणी ओततात आणि पातळी किती वेळात उतरते ते मोजतात. माती चिकट निघाली, तर तिथेच अर्ज अडतो. नकाशे, अहवाल, हरकती हे सगळे दप्तर कोणालाही पाहता येते. पाच आठवड्यांच्या आत २० युरो भरून देशातल्या कोणत्याही माणसाला हरकत नोंदवता येते. शेजारी असण्याची अट नाही. आठ आठवड्यांत निर्णय द्यावा लागतो. निर्णय पटला नाही, तर चार आठवड्यांत डब्लिनच्या अपील आयोगाकडे जाता येते. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावी अकृषिक परवानगीसाठी खेटे घातलेल्या कोणालाही या वेळापत्रकाची किंमत कळेल. मला ते फार मोलाचे वाटते.

त्याच वेळी हेही खरे, की या साऱ्यात निवडून आलेल्या सदस्याच्या हाती पत्र लिहिण्यापलीकडे फारसे काही नसते. गावातल्या एखाद्या खोलीत तो ठरल्या दिवशी बसतो, लोक खड्डे, बंद दिवे, घराचा अर्ज घेऊन येतात, तो संबंधित अधिकाऱ्याला कळवतो आणि उत्तराची प्रत मतदाराला पाठवतो. हे काम कमी लेखू नये. ज्या म्हाताऱ्या माणसाला संगणकावर अर्ज भरता येत नाही, त्याच्यासाठी सरकार म्हणजे हाच एक चेहरा.

निवडणुकीची तऱ्हा आपल्यापेक्षा अगदी निराळी. मतपत्रिकेवर एकच शिक्का मारायचा नसतो. आवडीच्या क्रमाने १, २, ३ असे आकडे घालायचे असतात. ही पद्धत आधी १९१९ मध्ये स्लायगो गावच्या निवडणुकीत वापरली आणि पुढच्या वर्षी देशभर नेली. लिझमोर मतदारक्षेत्राला तीन जागा आहेत. वैध मते ४,००० धरली, तर जागांपेक्षा एक अधिक म्हणजे चारने भागायचे आणि एक मिळवायचे : १,००१. एवढी मते ज्याला मिळाली, तो निवडून आला. त्याची जास्तीची मते दुसऱ्या पसंतीप्रमाणे इतरांकडे जातात. सर्वांत मागच्याला बाद करून त्याच्या पत्रिकाही तशाच वाटतात. त्यामुळे उमेदवाराला प्रतिस्पर्ध्याच्या मतदाराच्या दारातही जावे लागते, ‘पहिले मत त्यांना द्या, दुसरे तरी मला द्या’ म्हणून. गावातले वैर त्यामुळे काहीसे बोथट होते, असे माझे मत आहे.

मोजणीच्या सकाळी पेट्या उघडतात, तेव्हा अडसराच्या पलीकडे पक्षांचे कार्यकर्ते पाट्या आणि पेन्सिली घेऊन उभे असतात. यांना टॅली करणारे म्हणतात. कर्मचारी मतपत्रिका उलगडून समोर धरतात आणि हे लोक प्रत्येक पेटीतल्या पहिल्या पसंतीची रेघ मारत जातात. अधिकृत पहिला निकाल यायच्या कितीतरी आधी त्यांना अंदाज आलेला असतो. पेटी गावच्या शाळेतून आलेली, मते काही शेकडा. कोणत्या वाडीने कोणाला दिली, हे दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत. एकमेकांचे विरोधक आकडे वाटून घेतात आणि बेरीज मिळून करतात.

कारभाराचा खरा दुबळेपणा आहे तो पैशात. १९७८ मध्ये सरकारने घरपट्टी रद्द केली. आदल्या वर्षीच्या निवडणुकीतले ते आश्वासन होते. काही वर्षांनी शेतजमिनीवरचा करही सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. दुकाने आणि कारखान्यांवरचा कर तेवढा उरला. २०१३ मध्ये घरांवरचा कर पुन्हा आला, पण तो देशाचे महसूल खाते गोळा करते. परिषदेला त्याचा दर ठरावीक मर्यादेत वरखाली करता येतो, इतकेच. शाळा, पोलीस, दवाखाने परिषदेकडे कधी नव्हते किंवा आधीच गेले. पिण्याचे पाणीही २०१४ पासून राष्ट्रीय कंपनीकडे गेले. देशाच्या एकूण सार्वजनिक खर्चातला स्थानिक संस्थांचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत आहे. युरोपात इतका कमी वाटा फार थोड्या देशांत दिसतो.

२०१४ च्या कायद्यामागचा युक्तिवाद ऐकून घ्यायला हवा. मंत्री फिल होगन यांचे म्हणणे असे, की परिषद असलेल्या नगरांत देशाचे थोडेच लोक राहतात. त्यांना दोनदा मत आणि बाकीच्यांना एकदाच, हे न्याय्य नाही. शिवाय डब्लिन भागातल्या जमिनींच्या आरक्षण बदलात झालेल्या लाचखोरीची न्यायाधिकरणामार्फत १५ वर्षे चौकशी चालली होती, तिचा अंतिम अहवाल २०१२ मध्ये आला होता आणि काउन्सिलर या शब्दाची पत घसरली होती. ११४ संस्थांच्या ३१ झाल्या, १,६२७ सदस्यांचे ९४९. पण लाचखोरी मोठ्या परिषदेत झाली आणि कुऱ्हाड छोट्यांवर पडली. काही नगरांना परिषद नव्हती, तर ती द्यायची होती; होत्या त्या काढून घेऊन समानता आणणे मला तरी पटत नाही. डंगार्व्हनची परिषद स्वतः कर लावायची, घरे बांधायची, बांधकाम परवानग्या द्यायची. लिझमोरकडे हे अधिकार नव्हते, फक्त सभा होती. तरी त्या सभेत गावचा प्रश्न गावच्या नऊ माणसांपुढे, इतिवृत्तात नोंद होईल अशा रीतीने मांडला जायचा. आता डंगार्व्हन आणि लिझमोर मिळून आठ सदस्यांचा उपविभाग आहे. त्यांतले तीन लिझमोर क्षेत्राचे, आणि ते क्षेत्र गावाच्या कितीतरी बाहेर पसरलेले. उपविभागाला स्वतःचा कर नाही, वेगळे अंदाजपत्रक नाही.

मोठ्या परिषदेने चांगले काही केलेच नाही, असे नाही. वॉटरफर्ड ते डंगार्व्हन हा बंद पडलेला रेल्वेमार्ग तिने ४६ किलोमीटरची सायकलवाट करून २०१७ मध्ये खुला केला. लहान नगरपरिषदेला ते झेपले नसते. गावातली बारीक कामे मात्र आता स्वयंसेवकांच्या अंगावर आहेत. १९५८ पासून आयर्लंडमध्ये ‘टायडी टाउन्स’ ही स्वच्छ गावांची स्पर्धा चालते. आपल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानापेक्षा ती चार दशकांनी जुनी. पहिला मान डोनेगॉलमधल्या ग्लेंटीजला मिळाला, २००४ मध्ये लिझमोर देशात पहिले आले. परीक्षक न सांगता येतात आणि प्रत्येक गावाला लेखी अहवाल पाठवतात : कुठली भिंत रंगवायची, कुठले झाड जपायचे. समितीतली माणसे संध्याकाळी हातमोजे घालून कचरा वेचतात, कुंड्या भरतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण समितीला कर लावता येत नाही, ती मतदाराला बांधील नाही आणि गावातल्या ज्याला ती पटत नाही, त्याला तिला पाच वर्षांनी बदलताही येत नाही.

आयर्लंडमधल्या मराठी घरांना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. या देशात स्थानिक निवडणुकीला नागरिकत्वाची अट नाही. वय १८ पूर्ण हवे आणि तिथे वास्तव्य हवे. मतदानाचा हक्क १९६३ पासून, उभे राहण्याचा १९७४ पासून. नायजेरियातून २००० मध्ये आश्रय मागायला आलेले रोटिमी अदेबारी २००४ मध्ये पोर्टलीश नगरपरिषदेवर निवडून आले आणि २००७ मध्ये तिथले महापौर झाले. ती परिषद आता नाही, पण काउंटीच्या जागा आहेत. भारतीय पारपत्रावर काम करणारी डंगार्व्हनमधली परिचारिका किंवा वॉटरफर्डच्या औषध कारखान्यातला अभियंता संसदेसाठी मत देऊ शकत नाही. परिषदेसाठी देऊ शकतो, उभाही राहू शकतो. मागची निवडणूक ७ जून २०२४ ला झाली, पुढची २०२९ मध्ये आहे. यादीत नाव घालायला एक अर्ज लागतो, आणि तो परिषदेच्या कार्यालयात किंवा घरबसल्या कधीही भरता येतो.