जाड पायांच्या अक्षरांची दोनशे वर्षे

रोमन अक्षराच्या टोकाला जो छोटासा पाय असतो त्याला सेरिफ म्हणतात. पुस्तकी टाइपात हा पाय नाजूक, निमुळता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या टाइप ओतणाऱ्यांनी तो दांड्याइतका जाड केला आणि कडा चौकोनी छाटल्या. व्हिन्सेंट फिगिन्स यांच्या १८१५च्या नमुनापुस्तकात हे वळण ‘अँटीक’ म्हणून दिसते. नेपोलियनच्या स्वारीनंतर युरोपला इजिप्तचे वेड लागले होते. त्या लाटेत त्याला ‘इजिप्शियन’ हे नावही चिकटले.

पुस्तकासाठी हे अक्षर जन्मलेच नव्हते. भिंतीवर दहा जाहिराती शेजारीशेजारी असताना आपली आधी दिसावी, एवढाच त्याचा हेतू. अमेरिकेत डॅरियस वेल्स यांनी १८२७च्या सुमारास लाकडी टाइप यंत्रावर कोरायला घेतला, तेव्हा तर त्याचे फावलेच. मोठे शिशाचे अक्षर जड आणि महाग, लाकडाचे हलके आणि स्वस्त. शिवाय लाकडात बारीक रेघ तुटते, जाड पाय टिकतो. सर्कशीची पोस्टरे या अक्षरांनी भरून गेली.

या घराण्यातला खरा गुणी मात्र ‘क्लॅरेंडन’. १८४५ साली लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत रॉबर्ट बेस्ली यांनी तो काढला. ठसे बेंजामिन फॉक्स यांनी कोरले. यात पाय दांड्याला हलक्या गोलाईने जोडलेले, जाड-बारीक रेषांत माफक फरक. त्यामुळे साध्या मजकुराच्या ओळीतच एखादा शब्द ठळक करता येऊ लागला. शब्दकोशातला मूळ शब्द पान चाळताना चटकन सापडतो, त्या सोयीमागे हा टाइप आहे. बेस्लींनी त्याची कायदेशीर नोंदणी केली होती, पण संरक्षण तीनच वर्षांचे. मुदत संपताच सगळ्यांनी नकला केल्या.

विसाव्या शतकात जर्मनीत ‘मेम्फिस’ (१९२९), इंग्लंडमध्ये ‘रॉकवेल’ (१९३४) आले. दोन्ही कंपास-पट्टीने आखल्यासारखे. रॉकवेलचा सर्वांत जाड प्रकार पोस्टरवर तीन शब्दांत झकास दिसतो, तिसऱ्या ओळीला डोके उठवतो.

टाइपरायटरवर या जाड पायांनी वेगळेच काम केले. तिथे प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते; बारकुडा ‘आय’ त्यात पोरका दिसतो, रुंद पाय दिले की जागा भरते. आयबीएमचा ‘कुरियर’ याच युक्तीवर उभा आहे. त्याच कंपनीचे बोधचिन्ह पॉल रँड यांनी १९५६ साली गेऑर्ग ट्रुम्प यांच्या ‘सिटी’ टाइपावरून घडवले. आडवे पट्टे १९७२चे. ते इतक्या भरीव अक्षरांवर घातले म्हणूनच शोभले.

तेव्हा दुकानाची पाटी, मुखपृष्ठ, मासिकाचे शीर्षक यांसाठी जाड पायांचा टाइप बिनधास्त वापरा. अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा सोडा, आणि खालचा मजकूर दुसऱ्या, शांत टाइपात लावा.